भेडकीची टिकली

वाघावर लिहा, असा दिवाळी अंकवाल्यांचा निरोप आला होता. जंगलात जन्म काढला म्हणजे वाघ आडवा गेलाच असेल, एखादा अंगावर काटा आणणारा प्रसंग द्या म्हणाले. मी कळवलं, वाघावर लिहिणारे पुष्कळ आहेत. जिप्सीत बसून एक चक्कर मारली की घरी जाऊन लिहितात. मी लिहीन तर भेडकीवर लिहीन. छापायचं तर छापा, नाही तर राहू द्या. बरेच दिवस काही उत्तर नाही. मग आलं, लिहा. म्हणून लिहितो आहे. शाळा माझी चौथीपर्यंत, तीही ढोरं राखता राखता झालेली. लिहिताना भाषा जरा धुऊन घेतली आहे. माणसं मात्र जशी बोलली तशीच ठेवली आहेत.

भेडकी म्हणजे पुस्तकातला चौशिंगा. आमच्या यवतमाळकडच्या जंगलात चौशिंगा असं कोणी म्हणत नाही. उंचीला गावठी बकरीएवढी, अंगानं तिच्याहून हडकुळी, रंग वाळल्या सागपानाचा. नराला चार शिंगं. मागची दोन हाताच्या बोटाएवढी, पुढची दोन पेराएवढी, कधी कधी नुसत्या गाठी. मादीला शिंगच नाही. कळपानं राहत नाही, एकटी असते, फार तर सोबत पिलू. डरकाळी नाही, रुबाब नाही. तिच्यासाठी कोणता पर्यटक गाडी थांबवत नाही.

मी वनखात्यात रोजंदार वनमजूर होतो. घरी शेत होतं, पण कापसानं आमच्या घरात दोघा भावांना पुरेल एवढं काम ठेवलं नव्हतं. भाऊ शेतात राहिला, मी जंगलात शिरलो. उन्हाळ्यात जाळरेषा काढायच्या, म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून गवताचा पट्टा आधीच साफ करून ठेवायचा. पाणवठ्यात पाणी टाकायचं. रोपवनातली ढोरं हाकलायची. माझं बीट, म्हणजे राखायला दिलेला जंगलाचा तुकडा, मोहदरी. मधे खडकी नाला. नाल्याच्या पलीकडचं बीट सालईटोक, ते लेतूचं.

लेतू म्हणजे लेतू आत्राम, कोलामांच्या पोडावरचा, म्हणजे वस्तीवरचा. माझ्याच वयाचा, माझ्याच वर्षी लागलेला. हा माणूस मला कधी सहन झाला नाही. दुष्ट होता म्हणून नव्हे, दुष्ट असता तर सोपं झालं असतं. तो बसायचा. मी दिवसभर चालायचो, पायाला घट्टे पडेपर्यंत, अन् तो एखाद्या दगडावर बसून सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटायचा. संध्याकाळी नाक्यावर रेंजर साहेब विचारायचे, आज काय दिसलं? मी सांगायचो, काही नाही साहेब. लेतू सांगायचा, अस्वल दिसलं, पिलं पाठीवर होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी चालतो, तो बसते, अन् जनावर त्यालेच दिसते. हा कोणता न्याय?

एकदा मी विचारलं, "लेत्या, तुले कसं रे दिसते सगळं?"

"मी कुठं पाह्यतो," तो म्हणाला. "तेच मले पाहाले येते. म्हणते, हा कोण बुढा बसून राह्यला इथं?"

तेव्हा आम्ही दोघंही चाळिशीच्या आत होतो.

ज्या वर्षांत कापसामुळे आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात रोज यायला लागलं, त्याच वर्षांत ऋता मॅडम आल्या. तेव्हा गावात बाहेरची जीप आली की लोक समजत, कापसाचं विचारायला आले. कोण फोटो काढायचे, कोण टेप लावायचे. मॅडमची जीप थांबली तेव्हा पोलीस पाटलांनी सवयीनं खुर्च्या मांडायला सांगितल्या अन् घसा साफ केला. मॅडम उतरल्या, पुण्याची पोरगी, पायात मोठे बूट. हात जोडून म्हणाल्या, "पाटील, तुमच्याकडे भेडकीची लेंडी कुठं सापडते?"

"कायची?"

"लेंडी."

पाटलांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "बाप्पा! नामदेवा, हे पाहुणी तुह्या खात्याची दिसते. ने."

तर मॅडमला भेडकी कुठे कुठे शिल्लक आहे त्याचा नकाशा करायचा होता. कारण भेडकी हे जनावर जगात आपल्याच देशात अन् शेजारच्या नेपाळात आहे, बाकी कुठे नाही. हे त्यांनी सांगितलं तेव्हा मला फार बरं वाटलं. वाघ दहा देशांत आहे, माझी भेडकी नाही.

आता कामाची गोष्ट सांगतो, नाक मुरडू नका. भेडकी दिसत नाही, तिची लेंडी दिसते. ती रोज ठरल्या जागी जाते. माणसाला हे शिकवायला सरकारला गावोगाव पाट्या लावाव्या लागल्या, तिला उपजत आहे. एकाच जागी घालून घालून लेंड्यांचा ढीग होतो. खालची जुनी पांढरी पडलेली, वरची ताजी, काळी, ओली. रोहीही एका जागी घालते, ज्याला तुम्ही नीलगाय म्हणता ती. पण तिची लेंडी बोराएवढी अन् ढीग टोपलीभर. भेडकीची लहान शेंगदाण्याएवढी, एका टोकाला निमुळती. बकरी तर चालता चालता सांडत जाते, तिला काही रीत नाही. ढीग सापडला की मॅडमला दाखवायचा, हात लावायचा नाही. वरची ताजी लेंडी त्या स्वतः चिमट्यानं डबीत भरत अन् दूर कुठल्याशा प्रयोगशाळेत पाठवत. तिथून पक्कं उत्तर आलं की नकाशावर लाल टिकली. अन् टिकलीच्या बाजूला, ज्यानं जागा दाखवली त्याचं नाव.

इथं माझं चित्त अडकलं. माझं नाव तोपर्यंत हजेरीपटावर होतं, रेशनकार्डावर होतं अन् मतदारयादीत होतं, तेही चुकीचं. नकाशावर नव्हतं. तो नकाशा मॅडमच्या पुस्तकात छापला जाणार होता अन् एक मोठा करून आमच्या ऑफिसच्या भिंतीवर लागणार होता. मला टिकली पाहिजे होती. नाल्याच्या अलीकडे, मोहदरीत, अन् लेतूच्या आधी.

मॅडम दुपारी सावलीला बसल्या की आम्हाला शिकवायच्या. भेडकी हरीण नाही, हे त्यांनीच समजावलं. चितळाची शिंगं गळतात, दर वर्षी नवी येतात. भेडकीची गळत नाहीत, बैलासारखी जन्मभर तीच. दिसायला हरणासारखी, पण भावकी रोहीशी. आम्ही हसलो. एवढीशी भेडकी अन् घोड्याएवढी रोही, एका घरातली! मग त्यांनी पिशवीतून एक जाड पुस्तक काढलं अन् एक चित्र दाखवलं.

मी लगेच म्हणालो, "हे तर आपलीच भेडकी."

"नाही काका. ही आफ्रिकेतली. हिला डायकर म्हणतात."

तिथल्या दाट रानात राहणारं ठेंगणं जनावर. पाठ वाकलेली, पाय बारीक, मान खाली घालून झुडपात घुसणारं. तसंच एकटं, तसंच लाजरं. कोणाच्या पाठीवर काळा पट्टा, कोणाच्या अंगावर झेब्र्यासारखे पट्टे, कोण तांबडं, कोण निळसर, असे त्याचे कितीतरी प्रकार. मॅडम म्हणाल्या की विद्वानांचं अजून ठरत नाही. कोणी दोन जातींची एक करतो, कोणी एकीच्या दोन. आधी रंगावरून वाटणी केली, मग कवटीवरून मोडली, आता रक्तावरून पुन्हा मांडताहेत. कोणती जात नदीच्या या काठाला, कोणती त्या काठाला, त्यावरही वाद. मोठी नदी आडवी आली की काही जाती पलीकडे जातच नाहीत.

लेतूनं चित्र हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. म्हणाला, "चेहरा जुळला म्हणून सोयरीक नाही जुळत. आमच्या पोडावर एकाचा चेहरा अगदी तहसीलदारासारखा हाय. त्याचं काही काम नाही होत तहसीलात."

मॅडम इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. मी पण तेच म्हणणार होतो, माझं तोंड उघडलं होतं. पण लेतूचं आधी निघालं. त्या दिवसापासून मॅडमला काही सांगायचं असलं की त्या आधी लेतूकडे पाहायच्या. तुम्हाला वाटेल, मला नुसतं तसं वाटलं. नाही, मी बरोबर पाहिलं.

मॅडमनं आजूबाजूच्या तालुक्यांत सांगून ठेवलं होतं की चार शिंगांचं जनावर दिसलं तर कळवा. लोकांनी कळवलं. राळेगावचे एक गुरुजी सायकलवर आले, त्यांच्या तुरीत रोज रात्री चौशिंगे येतात म्हणाले. आम्ही जाऊन पाहिलं तर रोहीच्या बोराएवढ्या लेंड्या. गुरुजी म्हणाले, "मग ह्याची भरपाई कोण देते ते सांगा." एक जण तर थेट ढाणकीहून एसटीनं आला. इतक्या लांबून. सोबत दोरीला बांधलेला बोकड. कंडक्टरशी भांडून त्याचं तिकीट काढलं होतं. बोकडाला खरोखर चार शिंगं होती, दोन वर, दोन कानाशी वळलेली. कधी कधी निघतो असा.

"मॅडम, मोजून घ्या," तो म्हणाला.

मॅडमनं त्याला पाणी दिलं, समजावलं की हा बोकड आहे.

"बोकडच हाय, मी कुठं वाघ म्हणून राह्यलो? पण चार शिंगं हायेत का नाहीत? तुमी चार शिंगं मागितली होती."

लेतू बोकडाभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "दादा, याचा नकाशा मॅडमपाशी नाही, तो खाटकापाशी हाय." झालं, पुन्हा हशा. त्या दिवशी बोकडवालाही हसला अन् जाताना लेतूला आपल्या गावी यायचं आवतण देऊन गेला. मला नाही दिलं. अन् त्याला बसायला माझं घोंगडं मी टाकलं होतं.

मग दुर्बिणीचं झालं. दुर्बीण एकच होती. मॅडम म्हणाल्या, "नामदेवकाका, तुम्ही चालता फार, लेतूकाका एका जागी बसतात. त्यांना देते, चालेल ना?"

"मले कायले पाहिजे? माहे डोळे शाबूत हायेत," मी म्हटलं.

लेतूनं दुर्बीण उलटी धरली, माझ्याकडे रोखली अन् म्हणाला, "अबे नामदेवा, तू तं लयच लहान दिसून राह्यला."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं, काय झालं? सांगितल्यावर ती म्हणाली, "अजी, दुर्बीण काय बाशिंग हाय, त्याले बांधलं अन् तुमाले नाही?" तिला या गोष्टीतलं काही कळत नाही.

मी ठरवलं, लेंडी माझ्याच बिटात सापडेल. अन् सापडली. मॅडम पुण्याला गेल्या होत्या तेव्हा. खडकी नाल्याच्या काठावर, धावड्याच्या झाडाखाली, उंच गवताच्या मधे थोडी मोकळी जागा, तिथं ढीग. खालची पांढरी, मधली करडी, अन् वर ताज्या, चकाकणाऱ्या. मी तिथं खाली बसलो. खोटं कशाला सांगू, हात जोडले. आयुष्यात कोणी लेंडीपुढे हात जोडले नसतील. पण डब्या मॅडमकडे, चिमटा मॅडमकडे, अन् मॅडमचा नियम असा की जागेवरची हलवायची नाही, त्या स्वतः पाहणार. त्यांना यायला अजून अवकाश होता.

आता ढोरांचं सांगितलं पाहिजे. आमच्या भागात आधी घरोघर ज्वारी असायची. मग सगळ्यांनी कापूसच कापूस केला. ज्वारी गेली तसा कडबा गेला. पऱ्हाटीवर, कापसाच्या वाळल्या काड्यांवर, बैल जगत नाही. म्हणून त्या वर्षांत गावोगावची ढोरं जंगलात शिरत. हाकलली तरी दुसऱ्या वाटेनं येत. नाल्यात पाण्याचं एक डबकं उरलं होतं, ढोरं तिथंच उतरणार अन् माझा ढीग तुडवणार. पुराव्याचा चिखल होणार.

तेव्हा मी जे केलं ते आमच्याकडचा कोणताही शेतकऱ्याचा पोरगा करेल. जे जपायचं त्याला वई घालायची. आंब्याचं रोप असो, कडब्याची गंजी असो, भाजीचा वाफा असो, बोरीबाभळीच्या काटेरी फांद्यांचे फास तोडायचे अन् चौफेर काट्याचं कुंपण रचायचं. मी दिवसभर काटे तोडले. हात रक्तबंबाळ झाले. पण वई अशी घातली की रानडुक्कर वळून जाईल. भेडकीसाठी एका अंगाला फट ठेवली, तिच्या मापाची, बाहेर गवत अंथरून. लग्नाच्या मांडवाला दार ठेवतात तशी. मनात म्हटलं, ये माय, आता तुला कोणाची भीती नाही.

भेडकी आली नाही.

दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं, ढिगावर नवं काही नाही. तिसऱ्या दिवशी नाही. मग रोज जायला लागलो, सकाळ-संध्याकाळ, वाकून पाहायचो. वरच्या लेंड्यांची चमक गेली, मग काळेपणा गेला. भाऊ एकदा सोबत होता. म्हणाला, "दादा, कोंबडी अंडं देत नाही म्हणून खुराड्यात वाकून पाह्यतात तसा काय पाह्यतं रोज?"

मॅडम यायच्या आदल्या दिवशी मी नाक्यावर बसलो होतो. लेतू आला, बाजूला टेकला, खर्रा घोटत म्हणाला, "नामदेवा, तुही भेडकी आजकाल माह्याकडं येते."

"म्हणजे?"

"म्हणजे काय. तू वई घातली त्या दिवशी सांजच्याला आली. मी पलीकडच्या टेकाडावरून दुर्बिणीतून पाह्यलं. काट्यापाशी उभी राह्यली. एका बाजूनं गेली, दुसऱ्या बाजूनं गेली. त्या फटीत तोंड घातलं अन् काढून घेतलं. लय वेळ उभी होती बिचारी. मंग नाला उतरली, माह्या बाजूनं वर चढली, मोहाच्या बुडाशी मोकळी झाली. तवापासून तिथंच येते."

"अन् हे तू मले आत्ता सांगून राह्यला?"

"मले वाटलं तुले माहीत असन. तू रोज जाते ना पाहाले."

"काढली असती ना मी वई!"

"दार लावलं तं पाहुणी दुसऱ्याच्या घरी जाईन का नाही?" तो म्हणाला, अन् अर्धा खर्रा माझ्यापुढे धरला. मी घेतला नाही.

तो खरंच मला माहीत असेल असं समजला, की टिकलीसाठी गप्प राहिला, हे मला आजही ठरवता येत नाही. मला वाटतं गप्प राहिला. बायकोला वाटतं, तो तसा नव्हता. बायकोला त्याच्याबद्दल नेहमीच चांगलं वाटायचं. तेही एक मला लागायचं.

मॅडम आल्या. आधी त्यांना माझ्या ढिगाशी नेलं. त्या खाली बसल्या, पाहिलं, वईकडे पाहिलं. "काका, हे कुंपण तुम्ही घातलं?"

"हो. ढोरं तुडवतील म्हणून."

"ढीग भेडकीचाच दिसतोय. पण सगळा वाळलाय. यातून प्रयोगशाळेला काही मिळणार नाही." मग हळू आवाजात म्हणाल्या, "कुंपणामुळे तिनं जागा बदलली असेल."

"असेल म्हणजे नक्की नाही ना?"

"नक्की कसं सांगणार?"

"मंग झालं तं."

मग नाल्यापलीकडे गेलो. मोहाच्या बुडाशी छोटासाच ढीग, पण ताजा, ओला. मॅडमनं डब्या भरल्या. लेतू दगडावर बसून होता. मी उभा होतो.

परत येताना मी मॅडमला गाठलं. म्हटलं, "तुमीच सांगितलं ना, आफ्रिकेत नदी जनावराले अडवते. इकडची जात इकडं, तिकडची तिकडं. मंग खडकी नाला काहून अडवत नाही? जनावर कोणत्या काठचं, हे पाहावं लागते ना?"

"काका, तुमच्या नाल्यात पाणी कुठंय?"

"पावसाळ्यात याजा, दाखवतो."

त्या हसल्या नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो मला जास्त लागला.

पक्कं उत्तर आलं तेव्हा ऑफिसात सगळे जमले. रेंजर साहेब, गार्ड, आम्ही मजूर. टेबलावर मोठा नकाशा पसरलेला. त्यावर निळ्या रेघेचा खडकी नाला, केसाएवढा. मॅडमनं लाल टिकली नाल्याच्या पलीकडे चिकटवली. मी बोटानं अंतर मोजलं. नखाएवढंही नव्हतं. नाव लिहायला त्यांनी पेन उघडलं.

लेतू म्हणाला, "मॅडम, दोघाइचं लिहा."

सगळे त्याच्याकडे पाहायला लागले.

"भेडकी याचीच होती. राहाले याच्याकडं, परसाकडं फक्त माह्याकडं. नामदेवाचं आधी लिहा, माहं मागून."

मॅडमचा चेहरा उजळला. रेंजर साहेब म्हणाले, "हे उत्तम. नामदेवराव, बोला."

मला टिकली हवी होती, किती हवी होती ते वर सांगून बसलो आहे. पेन कागदाच्या वर थांबलं होतं. मी हो म्हटलं असतं तर माझं नाव पहिलं आलं असतं. पण ते लेतूनं दिलेलं आलं असतं. चार माणसांत, हसत हसत, खर्रा द्यावा तसं. अन् जन्मभर लोकांनी म्हटलं असतं, लेतूचं मन केवढं मोठं. नकाशावर माझं नाव अन् तोंडातोंडी त्याचं मोठेपण. म्हणजे पुन्हा त्याचंच.

"मले अर्धी टिकली नको," मी म्हटलं. "मॅडम, तुमचा नियम काय हाय? ताजी जिथं सापडली तिथं, दाखवली त्याचं नाव. मंग त्याचंच लिहा."

"काका, पण..."

"लिहा म्हणतो ना."

लेतू पहिल्यांदा उभा राहिला. म्हणाला, "अबे, एवढा कायले अकडतं?" मी बाहेर निघून आलो. ऑफिसासमोरच्या कडुलिंबाखाली उभा राहिलो. आतून काही ऐकू येत नव्हतं. बहुतेक लिहीत होते.

घरी बायको म्हणाली, "लोकं शेताच्या धुऱ्यावरून भांडतात, वाटणीवरून भांडतात. तुमी लेंडीवरून. अन् भांडलेही नाही, टिकली मिळून राह्यली तं नाही म्हणून आले." मी म्हटलं, तुला नाही कळायचं. ती म्हणाली, कळलं म्हणून तर बोलते.

नकाशा भिंतीवर लागला. पुस्तकही निघालं, मॅडमनं दोघांना एकेक पाठवलं. इंग्रजीत आहे. त्यात मला वाचता येईल असं कुठे काही असेल तर पानाखाली छापलेले आकडे. लेतूनं आपलं पुस्तक पोडावरच्या शाळेला देऊन टाकलं. मी माझं पेटीत ठेवलं आहे. तो देऊन टाकू शकला, कारण त्यात त्याचं नाव होतं.

नंतर आम्ही पुष्कळ वर्षं शेजारी शेजारी काम केलं. एकदा वणव्यात वारा फिरला अन् मी धुरात अडकलो, तेव्हा पलीकडून ओरडून ओरडून वाट दाखवणारा लेतूच होता. त्याबद्दलही मला थोडा रागच आला. मी त्याला कधी वाचवलं नाही. तशी वेळच त्यानं येऊ दिली नाही.

दोघं एकदमच घरी बसलो. नंतर वाघ आले, गाड्या आल्या, गेटवर रांगा आल्या. भेडकीचं कोणी विचारत नाही.

गेल्या हिवाळ्यात लेतू गेला. पहाटे अंगणात बसल्या बसल्या गेला. तसाच जाणार होता. मी पोडावर पोचलो तर माणसं मावत नव्हती. गार्ड, निवृत्त रेंजर साहेब, राळेगावचे ते गुरुजी, आता काठी टेकत. दिवस बुडायच्या बेतात एक गाडी थांबली अन् मॅडम उतरल्या. केस पांढरे झालेले. पुण्याहून निघून सरळ आल्या होत्या, तोंडात पाण्याचा घोट न घेता. लेतूच्या बायकोला मिठी मारून रडल्या. मी एका बाजूला उभा होतो. मला पाहून जवळ आल्या, वाकून पाया पडल्या.

सगळं झाल्यावर म्हणाल्या, "नामदेवकाका, पुस्तक पुन्हा छापतेय. नकाशा नव्यानं काढणार. लेतूकाकांची फार इच्छा होती, मला फोनवर कितीदा म्हणाले. आता तरी तुमचं नाव घालू ना त्या टिकलीवर?"

म्हणजे हा माणूस इतकी वर्षं फोन करत होता. माझ्यासाठी. मला न सांगता. मला मॅडमचा एक फोन कधी आला नव्हता, अन् याचं त्यांच्याशी बोलणं चालू होतं.

"जित्याची अर्धी घेतली नाही," मी म्हटलं. "मेल्याची घेऊ?"

जाताना मॅडमनं माझ्या हातात एक चिठ्ठी दिली, त्यावर त्यांचा नंबर होता. म्हणाल्या, "विचार बदलला तर फोन करा."

विचार बदललेला नाही. पण घरी येऊन नातवाकडून तो नंबर चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं मोठ्या आकड्यात काढून घेतला. बायकोनं विचारलं, हे कायले? मी तिला सांगितलं, "माही वेळ आली की पह्यला फोन मॅडमले लावजो, मंग पोराइले. अन् त्या पोचल्याशिवाय मले उचलू देजो नको. दिवस बुडाला तरी चालते. लेतूले पाहाले पुण्याहून आल्या, मले पाहाले येतात का नाही ते गावाले दिसू दे."